स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर लागलेला पैसा

२२ एप्रिल २०२५ रोजी टेस्लाने वर्षाच्या पहिल्या तिमाहीचे आकडे जाहीर केले. निव्वळ नफा आदल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा ७१ टक्क्यांनी घसरून ४० कोटी ९० लाख डॉलरवर आला होता. त्याच तीन महिन्यांत कंपनीने इतर कारउत्पादकांना ५९ कोटी ५० लाख डॉलरची ‘क्रेडिट’ विकली होती. प्रदूषणाच्या नियमांनुसार पुरेशा विजेवरच्या गाड्या न विकणाऱ्या कंपन्या ही क्रेडिट विकत घेऊन आपली तूट भरून काढतात. हे उत्पन्न वगळलं असतं, तर टेस्ला तोट्यात दिसली असती. तरीही दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे पाच टक्के वधारला.

त्या दिवशी सगळाच बाजार तेजीत होता, हे खरं. पण इलॉन मस्क यांनी आदल्या संध्याकाळी गुंतवणूकदारांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मे महिन्यापासून आपण वॉशिंग्टनमधल्या सरकारी कामाचा वेळ कमी करू आणि जूनमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात टेस्लाची चालकाविना टॅक्सी सुरू होईल. गेलेल्या तिमाहीच्या वाईट हिशेबापेक्षा बाजाराने या दोन वाक्यांना अधिक किंमत दिली. टेस्लाच्या शेअरबद्दल एवढे टोकाचे मतभेद का असतात, याचा उलगडा इथूनच सुरू होतो.

आधी विक्रीकडे पाहू. २०२३ मध्ये टेस्लाने जगभरात १८ लाख ८ हजार गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. २०२४ मध्ये हा आकडा १७ लाख ८९ हजारांवर आला. वर्षाची विक्री आदल्या वर्षापेक्षा कमी होण्याची वेळ कंपनीवर दशकाहून अधिक काळात पहिल्यांदाच आली होती. २०२५ मध्ये ती आणखी घसरून १६ लाख ३६ हजार झाली. त्याच वर्षी चीनच्या बीवायडीने केवळ बॅटरीवर चालणाऱ्या सुमारे २२ लाख ६० हजार गाड्या विकल्या आणि जगातल्या सर्वांत मोठ्या विद्युत कारउत्पादकाचं स्थान टेस्लाकडून घेतलं.

घसरणीची कारणं अनेक आहेत. मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या दोन गाड्यांवरच जवळपास सगळा डोलारा उभा आहे आणि दोन्हींची रचना आता जुनी झाली आहे. चीनमध्ये स्वस्त आणि सुविधांनी भरलेल्या गाड्यांची रीघ लागली आहे. युरोपात मस्क यांच्या राजकीय भूमिकेचा फटका बसला. जानेवारी २०२५ मध्ये तिथली टेस्लाची नोंदणी आदल्या जानेवारीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी घटली, आणि त्याच महिन्यात तिथे विद्युत गाड्यांची एकूण मागणी मात्र वाढलेली होती. म्हणजे ग्राहक विजेच्या गाडीकडे पाठ फिरवत नव्हता, तो दुसऱ्या दुकानात जात होता.

आकडे वाचताना सावधही राहावं लागतं. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत टेस्लाने ४ लाख ९७ हजार गाड्यांचा विक्रम केला, तेव्हा अनेकांना संकट टळल्यासारखं वाटलं. पण अमेरिकेत विद्युत गाडीवर मिळणारी साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. ज्यांना पुढच्या सहा महिन्यांत गाडी घ्यायची होती, त्यांनीही ती आधीच घेऊन टाकली. पुढच्या तिमाहीत विक्री ४ लाख १८ हजारांवर आली.

कारखानदारीच्या नेहमीच्या मापाने मोजलं, तर अशा कंपनीचं मूल्य वाहन उद्योगातल्या इतरांसारखंच असायला हवं. टोयोटा समूह वर्षाला एक कोटीहून अधिक गाड्या विकतो, तरीही टेस्लाचं बाजारमूल्य टोयोटाच्या कित्येक पट आहे. नवी मुंबईचा विमानतळ कागदावर असतानाच पनवेल-उलवे भागातल्या जमिनींचे भाव चढले होते. टेस्लाचा शेअर घेणाराही तसाच उद्याचा भाव आज मोजतो आहे. प्रश्न एवढाच की विमानतळ किती वर्षांनी होणार, आणि तो याच जमिनीशेजारी होणार का.

तेजीवाल्यांच्या बाजूला कॅथी वुड यांची आर्क इन्व्हेस्ट ही संस्था आहे. जून २०२४ मध्ये तिने २०२९ साठी एका शेअरचा अंदाज २,६०० डॉलर असा मांडला आणि त्यातला जवळपास ९० टक्के वाटा चालकविरहित टॅक्सीच्या धंद्यातून येईल असं गृहीत धरलं. मंदीवाल्यांच्या बाजूला जेपी मॉर्गनचे विश्लेषक रायन ब्रिंकमन. त्यांनी मार्च २०२५ मध्ये आपला लक्ष्यभाव १२० डॉलरवर आणला, कारण त्यांच्या हिशेबात विकल्या जाणाऱ्या गाड्या आणि त्यांवर सुटणारा नफा हेच मुख्य. कंपनी एक, ताळेबंद एक, आणि उत्तरात वीस पटींहून अधिक फरक. दोघांची मुदत वेगळी आहे हे धरलं, तरी एवढी दरी गणितातल्या चुकीने पडत नाही. दोघे दोन वेगळ्या धंद्यांची किंमत काढत आहेत.

हा फरक मस्क यांनी स्वतःच ठळक केला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की, टेस्ला स्वयंचलनाचा प्रश्न सोडवेल यावर ज्याचा विश्वास नाही, त्याने या कंपनीत गुंतवणूक करू नये. त्यानंतरचा एक बदल मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, आणि तो लक्षात यायला हवा. काही वर्षांपूर्वी मस्क २०३० पर्यंत वर्षाला दोन कोटी गाड्या विकण्याचं उद्दिष्ट सांगत. नोव्हेंबर २०२५ मध्ये भागधारकांनी त्यांच्यासाठी जी अवाढव्य मोबदला योजना मंजूर केली, तिच्यातही दोन कोटींचा आकडा आहे. पण तिथे तो एका वर्षाचा नाही. कंपनीने आजवर विकलेल्या आणि पुढे विकायच्या साऱ्या गाड्या मिळून आहे. त्याच योजनेत दहा लाख चालकविरहित टॅक्सी, दहा लाख यंत्रमानव आणि साडेआठ लाख कोटी डॉलरचं बाजारमूल्य अशी उद्दिष्टं आहेत. गाड्यांची अट सैल आणि स्वयंचलनाची अट मोठी, असा हा करार आहे.

मग स्वयंचलनात टेस्ला नेमकी कुठे आहे? एप्रिल २०१९ मध्ये मस्क म्हणाले होते की, पुढच्या वर्षी आपल्या दहा लाखांहून अधिक गाड्या टॅक्सी म्हणून धावू शकतील. तसं झालं नाही. ग्राहकांना विकली जाणारी त्यांची ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ प्रणाली गाडी वळवते, थांबवते, रस्ता बदलते; पण चालकाने नजर रस्त्यावर ठेवणं बंधनकारक आहे आणि अपघात झाला तर जबाबदारीचा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. अभियंत्यांच्या वर्गवारीत हा दुसरा स्तर. चौथ्या स्तरावर ठरावीक भागात गाडी पूर्णपणे स्वतः चालते, आत चालक नसतोच.

त्या चौथ्या स्तरावर आज सर्वांत पुढे आहे वेमो. २००९ मध्ये गूगलच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही कंपनी २०२० पासून फिनिक्समध्ये सामान्य प्रवाशांना चालकाविना नेते. पुढे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, अटलांटा अशी शहरं जोडली गेली. एप्रिल २०२५ पर्यंत आठवड्याला अडीच लाख फेऱ्यांचं भाडं लोक तिला देत होते. तिच्या गाड्यांवर कॅमेऱ्यांबरोबर रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार असतात, आणि शहराचा बारीक नकाशा आधीच तयार केलेला असतो. मस्क यांनी लायडारला वेडगळ खटाटोप म्हणत केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. कॅमेरे स्वस्त आहेत, टेस्लाच्या लाखो गाड्या रस्त्यावरून सतत माहिती गोळा करतात, आणि प्रणाली एकदा जमली तर एका अद्ययावतीकरणाने ती सर्वत्र पोहोचेल. वेमोला मात्र एकेक शहर आणि एकेक महागडी गाडी जोडत जावं लागतं. तिच्या अडचणीही संपलेल्या नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या अनेक गाड्या चौकांतच थबकल्या.

या शर्यतीत पैसा असणं पुरत नाही, हे जनरल मोटर्सला कळून चुकलं. तिच्या क्रूझ कंपनीच्या गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका पादचारी महिलेला फरपटत नेलं, कॅलिफोर्नियाने परवाना निलंबित केला आणि एक हजार कोटी डॉलरपेक्षा अधिक खर्च झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीचा हा प्रकल्पच सोडला. फोर्ड आणि फोक्सवॅगन यांच्या पाठिंब्यावरची आर्गो २०२२ मध्येच बंद झाली होती. दुसरीकडे चीनमध्ये बायडूच्या चालकविरहित टॅक्सी वुहानच्या रस्त्यांवर धावत आहेत. बीवायडीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये चालक-साहाय्य प्रणाली आपल्या जवळपास सर्व गाड्यांत, अगदी सत्तर हजार युआनच्या छोट्या गाडीतही, जादा पैसे न घेता देण्याची घोषणा केली. टेस्ला ज्या गोष्टीसाठी स्वतंत्र किंमत आकारते, तीच शेजारी फुकट मिळू लागली, तर त्या कमाईचे अंदाज पुन्हा मांडावे लागतील.

ऑस्टिनमधली सेवा २२ जून २०२५ रोजी सुरू झाली खरी. निवडक प्रवासी, ४ डॉलर २० सेंट भाडं आणि पुढच्या आसनावर बसलेला कंपनीचा सुरक्षा-निरीक्षक. जानेवारी २०२६ मध्ये काही फेऱ्यांतून हा निरीक्षकही उतरवण्यात आला. एखाद्या दृश्यफितीपेक्षा गुंतवणूकदाराने अशा बदलांची नोंद ठेवावी: गाडीत माणूस आहे की नाही, किती गाड्यांत नाही, आणि अपघाताची भरपाई कोण देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने २०१९ च्या एका प्राणघातक अपघातात टेस्लाला एक तृतीयांश जबाबदार धरून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर द्यायला सांगितलं. तो निकाल जुन्या ऑटोपायलटबद्दल होता आणि त्या गाडीत चालक होता. चालकच नसेल, तेव्हा दोष वाटून घ्यायला दुसरं कुणी उरणार नाही.

म्हणूनच विक्रीचे आकडे आता गौण झाले, हे तेजीवाल्यांचं म्हणणं पटत नाही. स्वप्नाचा खर्च याच गाड्यांच्या कमाईतून चालतो. २०२६ मध्ये दोन हजार कोटी डॉलरहून अधिक भांडवली खर्च करू, असं टेस्लाने सांगितलं आहे. मॉडेल एस आणि एक्सचं उत्पादन थांबवून ती जागा यंत्रमानवांना दिली जाणार आहे. विक्री घटत राहिली आणि क्रेडिटचं उत्पन्नही आटलं, तर वाट पाहण्याची ताकद कमी होईल. वेमोच्या पाठीशी मात्र तिची मालक असलेल्या अल्फाबेटची जाहिरातींची अखंड कमाई आहे.

भारतात टेस्लाचं पहिलं दालन १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. तेव्हा मॉडेल वायची किंमत साठ लाखांच्या घरात होती, स्वयंचलनाच्या प्रणालीचे सहा लाख वेगळे. ती प्रणाली इथल्या रस्त्यांवर पूर्णपणे चालकाविना धावण्याची शक्यता दूर आहे. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट केलं होतं. पण पुण्या-नाशिकातले जे नोकरदार नॅसडॅक १०० वर आधारलेल्या फंडात दरमहा एसआयपी भरतात, त्यांचा पैसा आधीच या शर्यतीत आहे. त्या निर्देशांकात टेस्लाही आहे आणि वेमोची मालक अल्फाबेटही. दोन्हींचा वाटा किती टक्के आहे, हे फंडाच्या मासिक माहितीपत्रकात पाहता येतं.