गॅरेजातलं विमान – भाग ६ : पंखाची भोकं

गेल्या भागात पंखाचं खोकं येऊन पडलं. उदाहरणादाखल आपण अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं ‘आरव्ही-७’ हे दोन आसनी विमान धरलं आहे. पंखाचा कणा, म्हणजे स्पार, कारखान्यातूनच जोडून येतो. सगळा भार पेलणारा भाग हौशी माणसाच्या हाती दिलेला नाही हे बरंच झालं. फासळ्या आणि पत्रे मात्र सुटे येतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक बांधणी हौशीनं शिकण्यासाठी किंवा विरंगुळा म्हणून केलेली असली, तरच विमान ‘घरी बांधलेलं’ ठरतं.

पंख बांधायचा म्हणजे रिव्हेटा ठोकायच्या, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात ठोकणं शेवटी, आणि तेही झटपट उरकणारं. खरा वेळ जातो तो भोकांत.

पत्रा फासळ्यांवर बसवून क्लेकोंनी पकडायचा. क्लेको म्हणजे पक्कडीनं दाबून भोकात घालायची स्प्रिंगची खुंटी. लहान भोकाची रुपेरी, मोठ्याची तांब्याच्या रंगाची. मग ड्रिल मारून भोकं नेमक्या मापाची करायची आणि सगळं पुन्हा सुटं करायचं. प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उठलेला धातूचा खरखरीत काठ, काढायची, कारण तिथल्या बारीक ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. त्यानंतर डिंपल. रिव्हेटेचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं, हवेला अडथळा होऊ नये, म्हणून त्याला खळगा लागतो. जाड धातूत तो कोरता येतो. पंखाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. कोरला तर भोकाच्या कडेला धातूच उरणार नाही. म्हणून नर-मादी डायमध्ये धरून तो दाबायचा. पुढे प्रायमर, पुन्हा जोडणी, आणि मग कुठे रिव्हेट.

त्याला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेची बंदूक धरतो, दुसरा फासळ्यांमध्ये हात घालून रिव्हेटेच्या शेपटीमागे पोलादी ठोकळा टेकवतो. २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटेची शेपटी दबून साधारण ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच व्हायला हवी. तेही थोडक्या, दमदार ठोक्यांत. भांडं ठोकून कडक झालं की तांबट ते तापवून पुन्हा मऊ करतो. इथे ती सोय नाही. हलक्या हातानं टकटक करत बसलं तर रिव्हेट कडक होत जाते आणि नीट दबतच नाही.

बिघडलेली रिव्हेट ड्रिल करून काढता येते. पण नवशिका ती काढताना भोक मोठं करतो. त्यासाठी जाड दांड्याची, लहान डोक्याची रिव्हेट मिळते. बांधणारे तिला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात! माझं मत विचाराल तर थोडीशी वाकडी रिव्हेट तशीच राहू द्यावी. ती काढण्याच्या नादात पत्राच जायचा.

भोकाचं महत्त्व कंपनीलाही महागात पडून कळलं. मागणी वाढल्यावर काही सुट्या भागांची भोकं लेझरनं कापून घेतली गेली. त्यांतल्या काहींच्या कडेला, लेझर जिथे सुरू होऊन थांबला तिथे, बारीक खाच राहिली आणि डिंपल करताना तडे दिसू लागले. ते भाग बदलून देण्याचा बोजा आला, इतर आर्थिक अडचणी होत्याच. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीनं दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं. २०२४मध्ये ती त्यातून बाहेर पडली.

कुणाच्या मनात खरंच हे करायचं असेल, तर पंखाचं किट मागवण्याआधी सरावाचं छोटं किट घ्या, चार रिव्हेटा ठोका आणि जाणत्या माणसाला दाखवा. अमेरिकेत १९५३ साली स्थापन झालेल्या ईएए या संघटनेचे अनुभवी सभासद त्यासाठी गॅरेजात येऊन काम पाहून जातात. पुढच्या आठवड्यात पंखातली इंधनटाकी पाहू. तिथे तेच भोक गळतं.