मांडीवरचे यंत्र आणि मानेची कैफियत

उज्जयिनीच्या राम घाटावर, क्षिप्रेच्या पायऱ्यांलगत बैठक मांडून यजमानांच्या वंशावळी लांबट वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राखीत आलेले तीर्थोपाध्याय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाकलेली मान हे आजच्याच युगाचे अपत्य नव्हे, हे निराळे सांगावयास नको. राजधानी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरकडे हलेपर्यंत ज्या नगरीत शिंद्यांचे दफ्तर नांदत होते, तेथील मोडी लिहिणारे कारकूनही कागदावर ओणवे होऊनच बोरू चालवीत असले पाहिजेत. मग मेजावर लॅपटॉप ठेवून चार तास काम केलेल्या मनुष्याचीच मान संध्याकाळी का आखडावी? या प्रश्नाची जी उत्तरे घरोघरी दिली जातात, त्यांतील बरीचशी अपुरी आणि काही सरळ चुकीची आहेत.

सर्वांत दृढ गैरसमज असा की, मान दुखते ती पोक काढून बसण्याच्या आळसामुळे, आणि पाठ फळीसारखी ताठ ठेवली की दुखणे आपोआप पळते. वस्तुतः दोष माणसाच्या स्वभावात फारसा नाही, तो यंत्राच्या घडणीत आहे. घाटावरची वही उपाध्याय उचलून उजेडाकडे धरू शकतो. पोथी वाचणाऱ्यांनी तर तिच्यासाठी लाकडी व्यासपीठच निर्माण केले. म्हणजे वाचावयाची वस्तू डोळ्यांकडे आली आणि हात मोकळे राहिले. लॅपटॉपमध्ये मात्र वाचावयाचा पडदा आणि लिहावयाचा कळफलक एकाच बिजागरीने जखडलेले आहेत. 1982 साली आलेल्या ग्रिड कंपास या यंत्रातही हीच मिटणारी रचना होती, आणि प्रवासात घटकाभर काम उरकण्यास ती खरोखरच सोयीची आहे. परंतु दिवसभराच्या कामासाठी कळफलक कोपरांच्या उंचीला आणावा तर पडदा छातीपाशी उतरतो, आणि पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यांपर्यंत चढतात. ताठ बसणाऱ्यालाही यातून सुटका नाही, कारण पाठ ताठ ठेवूनही त्याला मान खालीच घालावी लागते.

तेव्हा ही जोडी फोडावी, हाच खरा इलाज. चार जाड ग्रंथांच्या चळतीवर लॅपटॉप अशा बेताने ठेवावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल. अंतर हात लांब केल्यावर बोटे पडद्याला लागतील इतके, म्हणजे साधारण 50 ते 70 सेंटीमीटर, असावे. आणि वेगळा कळफलक व वेगळा माऊस जोडून ते मेजावर जवळ ओढून घ्यावेत, म्हणजे कोपरे अंगालगत राहतात, जवळजवळ काटकोनात वाकतात आणि खांदे सैल पडतात. पाय जमिनीला टेकत नसतील तर त्यांच्याखाली जेवणाचा जुना पाट सरकवावा. माझ्या मते या कामी त्याहून उत्तम वस्तू नाही. द्विनाभी चष्मा लावणाऱ्यांनी मात्र पडदा आणखी थोडा खालीच ठेवावा, कारण भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी ते नकळत हनुवटी वर करतात आणि मग मान मागच्या बाजूने धरते. ही बाब सल्ला देणारेही पुष्कळदा विसरतात.

महागडी खुर्ची घेतली की काम भागले, ही समजूतही याच जातीची आहे. पडदा छातीशीच राहिला तर उत्तम खुर्चीत बसूनही मान खालीच जाते.

भयाने पसरलेला आणखी एक समज आहे. 2014 साली केनेथ हंसराज या शल्यविशारदाने गणिती प्रतिमानावरून असे मांडले की, चार-पाच किलो वजनाचे मस्तक 60 अंशांनी पुढे झुकले असता मानेवर सुमारे 27 किलो भार येतो. हा आकडा वाऱ्यासारखा पसरला, आणि त्याबरोबर खाली पाहण्यानेच मणके मोडत असल्याची भीतीही पसरली. परंतु तो जिवंत माणसांच्या मानेत मोजलेला आकडा नव्हे. मस्तक जितके पुढे झुकेल तितके मागच्या स्नायूंना ते अधिक जोराने तोलावे लागते आणि म्हणून ते शिणतात, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा. शीण म्हणजे मोडतोड नव्हे.

आणि हा शीण वाकण्यापेक्षाही निश्चल राहण्याने वाढतो. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली: अखंड बैठक, हाताची एकाच तऱ्हेची अविरत हालचाल आणि चुका होऊ नयेत म्हणून मनावर पडणारा ताण. आजच्या कचेरीतही तिन्ही तशीच आहेत. राम घाटावरचा उपाध्याय वहीत डोके घालतो खरा, पण क्षणाक्षणाला मान वर करून यजमानाला गाव विचारतो, कूळ विचारतो, दुसरी वही काढावयास उठतो. त्याचे कामच त्याला हलवते. लॅपटॉपपुढे बसलेल्याला कोणी उठवीत नाही, म्हणून ती तजवीज त्याने स्वतः करावी. दर अर्ध्या तासाने उठावे, खांदे फिरवावेत, दूरच्या वस्तूकडे पाहावे. निर्दोष अशी एकच बैठक शोधण्याचा खटाटोप करू नये. चांगली बैठकही तासभर न बदलता धरली तर त्रासदायकच होते.

क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसली की पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते गळपट्टा बांधून आठवडेच्या आठवडे अंथरूण धरतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण वयपरत्वे अशी झीज ज्यांची मान कधीच दुखली नाही अशा असंख्य लोकांतही आढळते, आणि दीर्घकाळ पट्टा बांधून मान अचल ठेवल्याने स्नायू दुबळे होतात. साधे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. तोवर सोसेल तितकी हालचाल चालू ठेवणे हिताचे. पण दुखणे हातात उतरून बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मूठ सैल पडून हातातील पेला निसटू लागला, चालताना तोल जाऊ लागला, किंवा अपघातानंतर अथवा तापासह मान आखडली, तर मेज-खुर्चीची उंची मोजीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.