फाइलीच्या नावातले शहापूर

संस्थानी काळात बेळगावचे शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडे होते, तर शेजारच्या कॅम्पात इंग्रजांची छावणी. आज सगळे एकाच शहरात मिसळले आहे. तरी शहापूर, वडगाव, खासबाग म्हटले की आधी विणकर आठवतात. पण साडी आता दुकानात पोचण्याआधी तिचा फोटो वेबसाइटवर पोचलेला असतो. पाच-दहा फोटो ब्राउझरमधून हाताने चढवता येतात. शेकडो असले की घरातला शिकलेला मुलगा पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितो. फाइल तीच, पत्ता तोच, लॉगिनही तेच. तरी ब्राउझरने दिलेली फाइल सर्व्हर घेतो आणि प्रोग्रामने दिलेली परतवून लावतो. असे का व्हावे?

फॉर्ममधून फाइल पाठवण्याची रीत झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली. तिला मल्टिपार्ट फॉर्म-डेटा म्हणतात. मजकुराचे तुकडे पडतात आणि दर तुकड्याआधी ‘बाउंडरी’ ही खुणेची ओळ येते. तुकड्याच्या माथ्यावर रकान्याचे नाव, फाइल असल्यास तिचे नाव व प्रकार. मग कोरी ओळ आणि खाली फाइलीचे बाइट. खूण कोणतीही चालते, पण विनंतीच्या माथ्यावरच्या हेडरमध्ये सांगितलेली आणि मजकुरात वापरलेली एकच हवी. नवखा माणूस हेडर हाताने लिहितो, त्यात बाउंडरी राहून जाते आणि सर्व्हरला तुकडे ओळखताच येत नाहीत. ते हेडर लायब्ररीलाच लिहू द्यावे.

खरी मेख फाइलीच्या नावात आहे. ‘शहापूर’ या शब्दात काना आणि ऊकार धरून सहा चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे १८ बाइट. पान यूटीएफ-८ मधले असेल तर ब्राउझर हे १८ बाइट जसेच्या तसे पाठवतो. पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ज्या यूआरएललिब३ वर उभी आहे, ती मात्र अनेक वर्षे आरएफसी २२३१ चा नियम पाळत असे: दर बाइटचा टक्केचिन्हासह कोड, म्हणजे ५४ अक्षरे, आणि ‘फाइलनेम’ या शब्दापुढे एक तारा. तारा न ओळखणाऱ्या सर्व्हरच्या लेखी त्या तुकड्याला फाइलनाव नव्हतेच, म्हणून ती फाइलही नव्हती. तोच फोटो रोमन अक्षरांतल्या नावाने सुरळीत जाई, आणि दोष देवनागरीच्या माथी येई. कन्नड लिपीचे प्रत्येक चिन्हही तीन बाइटांचे. सीमाभागातल्या दोन्ही भाषांना हा ताप सारखाच.

जुलै २०१५ च्या आरएफसी ७५७८ ने फॉर्मपुरती ही ताऱ्याची पद्धत स्पष्टपणे मना केली. यूआरएललिब३ ने एप्रिल २०१९ मध्ये, १.२५ या आवृत्तीत, ब्राउझरची रीत स्वीकारली. म्हणजे आधी ब्राउझरांची वहिवाट पडली आणि नियम तिच्यामागून आला.

मराठीला आणखी एक अडचण आहे. ‘कोऱ्या साड्या’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. पहिल्या रूपात तीन बाइट, दुसऱ्यात सहा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावांतली अशी जोडचिन्हे सुटी करून ठेवत असे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, सर्व्हरला मात्र ती वेगवेगळी नावे. प्रोग्रामने नाव पाठवण्याआधी ते एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आणावे.

बाकीचे फरक सरळ आहेत. ब्राउझर फोटोचा प्रकार ‘इमेज/जेपेग’ असा सांगतो. प्रोग्राम तो गाळतो किंवा नुसता ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणतो, आणि फोटोच घेणारा सर्व्हर नकार देतो. फॉर्ममध्ये न दिसणारा सुरक्षा-टोकनचा रकाना असतो, तो कुकीबरोबर जायला हवा. तुकड्या-तुकड्याने पाठवलेली, एकूण लांबी न सांगणारी विनंतीही काही सर्व्हर ४११ क्रमांकाची चूक दाखवून नाकारतात.

अंदाजाने बदल करत बसण्यापेक्षा आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवावा, ब्राउझर आणि प्रोग्राम दोघांकडून तीच फाइल त्याला पाठवावी आणि आलेले बाइट ओळीने ताडून पाहावेत. ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीतून तीच विनंती पाठवणारी ‘कर्ल’ या साधनाची आज्ञा नकलता येते, पण फाइलीचे बाइट तिच्यात येतीलच असे नाही. हे सगळे स्वतःच्या खात्यासाठी. कॅप्चा लावून दार बंद केलेल्या साइटकडे एपीआय मागणे हाच मार्ग.

आणि वेबसाइट बांधणाऱ्यांनी आपल्या फॉर्मची पहिली चाचणी ‘एबीसी’ नावाच्या फाइलीने घेऊ नये. ‘कोऱ्या साड्या’ने घ्यावी.