रोहिणीचा तांबडा रंग

आमच्या पाटस-दौंडकडे रोहिणी म्हटलं की आधी पाऊस आठवतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. गंमत अशी, की त्या पंधरवड्यात रोहिणी दिसतच नाही. ती सूर्याच्या उजेडात बुडालेली असते. तिला पाहायचं तर पौषात, ऊसतोडीच्या दिवसांत. रात्री नऊच्या सुमारास व्याधापासून मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांवरून रेघ पुढे न्यावी. जवळजवळ माथ्यावर एक तांबूस तारा दिसतो. तीच रोहिणी.

अरबांनी तिला ‘अद्-दबरान’ म्हटलं, म्हणजे मागून येणारा. कारण कृत्तिकांच्या पुंजक्यामागून ती उगवते. आपल्या पंचांगातला क्रमही तोच.

तिचा तांबडा रंग ही उतारवयाची खूण आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, जास्त तापलं की पिवळं आणि मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर रोहिणीचं ३,६०० च्या आसपास. तरीही ती सूर्याच्या चारशेपटींहून अधिक तेज देते, कारण तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४५ पट आहे.

एवढी ती फुगली कशी? सूर्याच्या गाभ्यात आज हायड्रोजनचं हेलियम होतं आहे. रोहिणीच्या गाभ्यातलं हे इंधन संपलं. गाभा आकसला, अधिक तापला आणि त्याभोवतीच्या कवचातला हायड्रोजन पेटला. त्या उष्णतेनं बाहेरचे थर पसरत गेले आणि पसरता पसरता थंडावले. तिचं वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा थोडंच जास्त आहे. म्हणून सरासरी पाहिली तर ती आपल्या हवेहूनही विरळ आहे.

सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला सूर्यही असाच राक्षसी तारा होईल. पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधीच आटलेले असतील.

रोहिणी साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज दिसणारा तिचा प्रकाश निघाला तो १९६० च्या आसपास, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमारास. येत्या पौषात उसाच्या गाड्या रस्त्यानं जाताना दिसल्या, की रात्री जरा मान वर करून पाहा. दुर्बिणीची गरज नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)