अपघातस्थळी मदतीस थांबणाऱ्या मोटारसायकलस्वारांसाठी

सोलापूरहून पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर व अक्कलकोटकडे रस्ते फुटतात. गळीत हंगामात या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात; कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेले भाविक असतात. अपघात घडला की तेथे प्रथम थांबणारा बहुधा मोटारसायकलस्वारच असतो.

येथे एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका रात्री एक तरुण आपली मोटारसायकल रस्त्यालगत लावून, एका जखमी वृद्धास रिक्षातून आमच्याकडे घेऊन आला. उपचार तत्काळ सुरू झाले. परंतु प्रवेशपत्रिकेत ‘नातेवाईकाची सही व अनामत रक्कम’ असा रकाना होता आणि खिडकीवरील कर्मचाऱ्याने नियमानुसार त्या तरुणालाच दोन तास बसवून ठेवले. जाताना तो म्हणाला, “साहेब, पुढच्या वेळी थांबणार नाही.” कर्मचाऱ्याचा यात दोष नव्हता. रकानाच चुकीचा होता, आणि तो आम्हीच छापून घेतला होता. आता तो पत्रिकेत नाही.

ही भीती जुनी आहे. एका स्कूटरस्वारास मोटारीने उडवल्यानंतर जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून त्यास सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडले व वाटेतच त्याचा मृत्यू झाला. या घटनेवरील परमानंद कटारा यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निर्णय दिला की, जखमीचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. मदत करणाऱ्यास संरक्षण मिळण्यास मात्र आणखी बराच काळ गेला. त्यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना काही चूक घडून जखमीस इजा झाली वा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही त्याच्याच इच्छेवर आहे. या हक्कांची सनद रुग्णालयाने दर्शनी भागी लावावयाची असते. ती वाचून घ्यावी.

आम्ही हिशेबाची माणसे. त्यामुळे पुढील माहिती अपघात विभागातील डॉक्टरांकडून समजावून घेऊन देत आहोत.

मदतीस धावणाराच दुसऱ्या वाहनाखाली येण्याचा धोका मोठा असतो. म्हणून आपली गाडी डांबरी रस्त्यापासून पूर्णपणे दूर, साइडपट्टीच्याही पलीकडे उभी करावी, इंडिकेटर चालू ठेवावा आणि आपले हेल्मेट काढण्याची घाई करू नये. जखमीपाशी वाकण्यापूर्वी जमलेल्यांपैकी एकास शंभर पावले मागे, रस्त्याच्या कडेला उभे करून मोबाइलचा दिवा वा पांढरे उपरणे हलवावयास सांगावे. अपघातग्रस्त वाहनाची किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. पेट्रोल सांडलेले असताना अंधारात काडी ओढून पाहणारे महाभागही असतात, त्यांना आवरावे.

महाराष्ट्रात २०१४ पासून असलेल्या १०८ या रुग्णवाहिका सेवेस फोन करताना ‘टोलनाक्याच्या पुढे’ एवढे सांगून भागत नाही. रस्त्याचे नाव, जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा, कोणत्या गावाकडे जाणारी बाजू आणि जखमी किती, हे सांगावे.

दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून आणलेले जखमी पाहिले की आमचे डॉक्टर अस्वस्थ होतात. मणक्यास इजा असल्यास मानेच्या एका हिसक्याने हातपाय कायमचे निकामी होऊ शकतात; बेशुद्ध माणसाची मान पुढे पडून श्वास अडतो. रुग्णवाहिका येईपर्यंत, आग वा वाहनांचा धोका नसल्यास, त्यास हलवू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी. आपल्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. पाणी पाजणे हा आपल्याकडील संस्कार, तरीही येथे तो टाळावा. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटी होत असेल तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे.

जखमी स्वाराचे हेल्मेट ओढून काढू नये. काच वर करून श्वास चालू आहे का ते पाहावे. श्वास अडलेला असेल तरच, एकाने मान व जबडा स्थिर धरून दुसऱ्याने ते हळूहळू काढावे. काढलेले हेल्मेट रस्त्यावर न टाकता रुग्णासोबत पाठवावे. त्यावरील तडा पाहून आघात डोक्याच्या कोणत्या बाजूस झाला, याचा अंदाज डॉक्टरांना येतो.