घेणारा एक, भोगणारे अनेक

लग्नसराईतली गोष्ट. बाजारपेठेतले एक ओळखीचे दुकानदार नाक पुसत दवाखान्यात आले. सर्दी, घशात खवखव, अंग कसकसलेले. "डॉक्टर, परवा पुतणीचं लग्न आहे. एकदम स्ट्राँग गोळी द्या, पैशाचं बघू नका." मी तपासले. छाती साफ होती, ताप नावापुरता. साधी सर्दी, आठवड्याभरात आपोआप बरी होणारी. अँटिबायोटिकची गरज नव्हती, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मी ती लिहून दिली. बाहेर पेशंटची रांग होती. मी दिली नाही तर हे मेडिकलमधून घेतीलच, अशी मनाची समजूत घातली.

पुढे काही महिन्यांनी त्याच आळीतल्या एका आजींना लघवीचा जंतुसंसर्ग झाला. मधुमेह होताच. नेहमीच्या गोळ्यांनी ताप उतरेना, म्हणून लघवीचे कल्चर केले. तपासलेल्या सर्व तोंडी औषधांना जंतू दाद देत नाहीत, असा अहवाल आला. आजींना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करून दहा दिवस शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. आजी वाचल्या, पण सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या.

दुकानदारांच्या गोळीमुळेच आजींवर ही वेळ आली, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. खरी अडचण हीच आहे. विहिरीत एकाने पाटीभर घाण टाकली तर गाव त्याला जाब विचारते. शेकडो जणांनी चिमूट-चिमूट टाकली तर पाणी तितकेच नासते, पण दोषी कोणीच ठरत नाही.

हे घडते कसे? सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारते ते जिवाणूंना, विषाणूंना नाही. म्हणजे सर्दीवर तिचा उपयोग शून्य. पण पोटात गेल्यावर ती गप्प बसत नाही. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. ही ताकद ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. मग न धुतलेले हात, दूषित पाणी, संडास यांच्यामार्फत ते घरात आणि घराबाहेर पोचतात. रक्तदाबाची गोळी ज्याची त्यालाच लागू पडते. अँटिबायोटिक मात्र असे औषध आहे की घेणारा एक आणि परिणाम इतरांवरही.

हा इशारा नवा नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक उदाहरण दिले होते. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पण अपुरे घेतो. न मेलेले जंतू निर्ढावतात. त्यांची लागण पत्नीला होते. तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्याकडे मार्च २०१४ पासून काही महत्त्वाच्या अँटिबायोटिक्ससाठी औषध दुकानदाराला चिठ्ठीची वेगळी नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघही चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका, हेच सांगते. पण कायदा काउंटरपर्यंत येतो. पुढचा निर्णय आपला असतो, आणि त्याआधी डॉक्टरांचा.

वाचकांनी एवढे पाळावे :

१) "स्ट्राँग गोळी द्या" असा आग्रह धरू नये. "याची खरंच गरज आहे का?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे.

२) दिली तर सांगितलेल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्यावी. क्षयरोगाचे औषध तर बरे वाटले म्हणून मध्येच मुळीच सोडू नये.

३) उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये, जुन्या चिठ्ठीवर नवी आणू नये.

४) हात साबणाने धुवावेत, पाणी शुद्ध करून प्यावे, मुलांच्या लसी वेळेवर द्याव्यात. आजारच टळला तर गोळीचा प्रश्नच येत नाही.

मात्र याचा अर्थ अंगावर काढणे असा नव्हे. धाप लागणे, तीन दिवसांवर टिकलेला ताप, लहान मुलाने दूध न पिणे किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडणे, असे काही दिसले तर ताबडतोब दाखवावे. गरज असते तेव्हा हेच औषध प्राण वाचवते. बाळंतीण, नवजात बाळ, ऑपरेशनचा रुग्ण यांच्यासाठीच तर ते टिकवायचे आहे.

यंदा तेच दुकानदार तशीच सर्दी घेऊन आले. या वेळी मी गोळी दिली नाही. वाफ, मिठाच्या गुळण्या, विश्रांती आणि अंगदुखीपुरते पॅरासिटामॉल सांगितले. समजावण्यात दहा मिनिटे गेली, रांगेतले चुळबुळले, तेही थोडे नाराज होऊनच गेले. पाच-सहा दिवसांनी त्यांच्या दुकानावरून जात होतो. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला. सर्दी गेली होती. ती दहा मिनिटे मी त्या पहिल्या वेळीच द्यायला हवी होती.