सालदार आणि लेक
लेखमाला : शेजारचा देव्हारा / भाग नववा

आखाजी तोंडावर आली की आमच्या रावेर तालुक्यात केळीच्या बांधाबांधावर एकच विषय असतो. सालदार राहतो की सोडतो, यंदा किती मागतो, उचल किती द्यायची. एकदा साल ठरलं की कामंही ठरली. पाणी धरायचं, खत द्यायचं, पिलं कापायची, रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार चालू करायला उठायचं. चुकलेला दिवस खाडा म्हणून कॅलेंडरवर मांडला जातो आणि हिशेबाच्या वेळी पैशातून वळता होतो. चांगला सालदार मालकाच्या लेकापेक्षा जास्त राबतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण साल संपलं की तो दुसऱ्याच्या मळ्यात जायला मोकळा, आणि मालक दुसरा गडी बघायला मोकळा. लेक कितीही कामचुकार निघाला तरी त्याचे खाडे कुणी मांडत नाही.

ख्रिस्ती धर्मावरचे गेले दोन भाग वाचून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : या लोकांना नेमकं पाळावं काय लागतं? उपास कोणते, वर्ज्य काय, देवळात किती वेळा जायचं? आपल्याकडे धर्म म्हटला की ‘पाळणं’ हाच शब्द आधी येतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र यादीने देता येत नाही. ते येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट शेतकरी घरातलीच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती येते.

एका बापाला दोन लेक. धाकटा म्हणतो, माझा हिस्सा आताच द्या. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात सातबारा फुटलाय त्याला सांगायला नको. बाप देतो. पोरगा सगळं गोळा करून परमुलखात जातो, उधळतो, तिथे दुष्काळ पडतो आणि तो डुकरं राखायला लागतो. यहुद्याला डुक्कर निषिद्ध, म्हणजे आणखी खाली जायला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याला घर आठवतं. खरं तर घरचे गडी आठवतात, त्यांना तिथे पोटभर मिळतं म्हणून. वाटेने तो बोलणं पाठ करत येतो : मी चुकलो, तुमचा लेक म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला गड्यांतला एक समजा. आपल्या भाषेत सांगायचं तर, मला सालाने ठेवा.

बाप त्याला लांबूनच पाहतो आणि पळत सुटतो. घरचा कर्ता म्हातारा असा भर रस्त्याने पळतोय, हे चित्र आपल्याकडेही विरळाच. पोरगा पाठ केलेलं बोलू लागतो. पण शेवटचं वाक्य, ते गड्यांत ठेवण्याचं, तोंडातून बाहेर पडायच्या आतच बाप त्याच्यासाठी झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगतो.

थोरला शेतात असतो. वाजंत्री ऐकून तो घराशी थबकतो आणि रागाने आत यायलाच नकार देतो. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. थोरल्याचं गाऱ्हाणं नीट ऐकण्यासारखं आहे : इतकी वर्षं तुमची चाकरी केली, कधी शब्द मोडला नाही, आणि मित्रांबरोबर खायला मला एक करडूसुद्धा मिळालं नाही. ज्याने घर कधी सोडलं नाही, त्याने मनातल्या मनात खाडे आणि हजेऱ्या मांडून ठेवल्या होत्या! धाकट्याला सालदार व्हायचं होतं, थोरला होऊन बसला होता. बापाला हवे होते दोन लेक. थोरला शेवटी आत गेला का, हे येशूने सांगितलेलं नाही. गोष्ट दाराशीच थांबते.

ही गोष्ट त्याने कुणाला ऐकवली तेही पाहिलं पाहिजे. जकातदार आणि बदनाम माणसांच्या पंगतीला हा बसतो, म्हणून शास्त्री आणि परूशी कुरकुरत होते, त्यांना. परूशी वाईट माणसं नव्हती. यहुदी परंपरेत ६१३ आज्ञा मोजल्या जातात आणि त्या काटेकोर पाळण्यासाठी ही मंडळी जिवाचं रान करत. येशूने त्या शास्त्राला खोटं म्हटलं नाही. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्याने त्याच जुन्या शास्त्रातल्या दोन काढून दाखवल्या : देवावर जीव लाव आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकाच जीव लाव. बाकी सगळं या दोन खुंट्यांना टांगलेलं आहे, असा त्याचा आशय. खुंटी निसटली की टांगलेलं खाली येतं, मग ते कितीही स्वच्छ धुतलेलं असो.

धुण्यावरून लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, मीठसुद्धा. मीठ धुतलं तर काय उरतं, हे घरातल्या बायकांना चांगलं ठाऊक असणार. ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीलाच हे सगळं येतं, आणि हसू येता येता पोटात कालवतं. त्या माणसाला भीतीने घेरलं होतं. नियम जितके वाढत गेले तितकी भीतीही वाढत गेली.

या मुलीचं लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर वीज पडावी तसं झालं. नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंचं सोवळं कायम होतं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. इथे टिळकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी वाद घालून बायकोला ख्रिस्ती केलं नाही. तिचं वेगळं पाणी आणि वेगळी चूल त्यांनी सांभाळली. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंनीच स्वतःशी विचार केला की माणूस देवाने केला, जात कुणी केली? उत्तर सापडलं आणि सोवळं गळून पडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्या : माणसाशी नातं आधी जुळलं, विधी मागून आला.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हाच क्रम उलटा पडला आणि त्यांनी तो प्रांजळपणे सांगितला. इंग्लंडमध्ये वाँटेज इथे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमुक मत मान, तमुक अधिकाऱ्याचं ऐक, म्हणणाऱ्या तिथल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्यांचे खटके उडत राहिले. पुढे आत्मकथनात त्यांनी लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षं लागली. पुराणं जिभेवर असलेल्या घरात वाढलेल्या बाईचं हे म्हणणं आहे. त्यानंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्तिसदनात आणलं. ते काम कोणत्या कलमाखाली बसतं, हे शोधत बसण्याची त्यांना गरज वाटली नाही.

आपल्यापैकी वारकरी घरातल्यांना यात फारसं परकं वाटणार नाही. इथून जवळच मुक्ताईनगर आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्याला देवाशी नातं म्हणजे काय, हे समजावून द्यावं लागत नाही. टिळक तर उघडच म्हणत की आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, ख्रिस्ताला गुरू आणि आई म्हटलं. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. धर्मांतराचा सगळ्यांत मोठा नियमसुद्धा त्यांनी उंबरठ्याबाहेर ठेवला.

पण म्हणून ख्रिस्ती समाजात नियमांचं ओझं कधी नव्हतंच, असं म्हटलं तर ती लबाडी होईल. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय आलं, आणि १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत मजल मारली. हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून वरून मीठ घेण्यालासुद्धा त्यात बंदी होती! जलालपूरला मीठ धुतलं जात होतं आणि गोव्यात भातात मीठ कधी पडतं याची चौकशी होत होती. डोंगरावरच्या ज्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं, त्यात येशू शिष्यांना पृथ्वीचं मीठ म्हणतो. त्याच्याच नावाने चाललेल्या न्यायालयाला त्यातलं मीठ तेवढं दिसलं. सालदारी वृत्ती कोणत्याही धर्माच्या घरात शिरते, त्याला कुळी लागत नाही.

मग नियम नकोतच का? इथे पुष्कळांची गफलत होते. त्या प्रवचनात येशू नियम सैल करत नाही, खोल नेतो. खून करू नको एवढ्यावर तो थांबत नाही, मनातल्या रागापर्यंत जातो. नियमाचं एक बरं असतं, त्याला शेवट असतो. दारं मोजून पाणी दिलं, सालदार घरी जायला मोकळा. वादळात केळी आडवी झाली की ज्याला झोप येत नाही, त्याला कुणी जागायला सांगितलेलं नसतं. प्रेम नियमापेक्षा कमी मागत नाही, जास्तच मागतं. फरक एवढाच की तिथे हिशेबाची वही नसते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. ‘तू तर घरचाच आहेस’ म्हणत गड्याची मजुरी बुडवणारे मालक आपल्याकडे आहेत. धर्मातही प्रेमाची भाषा बोलून माणसाला राबवणारे असतात, सगळ्याच धर्मांत. ओळखायची खूण गोष्टीतच आहे. तिथला बाप लेकाकडून काही वसूल करत नाही. तोच पळत बाहेर येतो, आणि दोघांसाठी दोनदा येतो.

शेवटी आपल्या मातीतला एक लेक. धरणगावला १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या पोरसवदा कवीला डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ हे नाव दिलं. पुढे ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. हा मुलगा ब्राह्मण घरातला, आणि घर ख्रिस्ती पाळकाचं. ज्या लक्ष्मीबाईंचं बालपण मीठ धुण्यात गेलं, त्यांनी परक्या पोराला पोटच्या लेकासारखं वागवलं. त्याच्या लहरी आणि त्याचे रुसवे ‘स्मृतिचित्रे’त वाचावेत, आई लिहिते तसे आले आहेत. ५ मे १९१८ रोजी भुसावळ-जळगावमधल्या भादली स्टेशनाजवळ रुळावर गाडीखाली सापडून बालकवी गेले. तेव्हा सत्ताविसावं पुरं होऊन अठ्ठाविसावं चालू होतं.

ठोंबरे शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या घरात तो खाडा कुणी मांडला नाही.

(पुढील भागात : फादर स्टीफन्स यांचं १६१६ सालचं ‘ख्रिस्तपुराण’)